मत विचारण्याचें ऋण

मत विचारणें हें वरवर पाहतां केवळ सौजन्याचें कृत्य वाटतें. घरांत कार्य ठरवितांना वडील माणसें धाकट्यांस विचारतात, वाचनालयाचे चालक वर्गणीदारांस विचारतात, आणि ज्यांस विचारलें जातें त्यांना आपला मान राखला गेला असें समाधान वाटतें. परंतु विचारणें हें मान राखण्यापुरतेंच असतें, कीं विचारणारा त्यायोगें कांहीं देणें आपल्या अंगावर घेत असतो, हा प्रश्न सहसा कोणी उपस्थित करीत नाहीं. मुळींच न विचारतां मनास येईल तें करणारा मनुष्य आणि सर्वांस विचारून शेवटीं मनास येईल तेंच करणारा मनुष्य, या दोहोंत अधिक दोषी कोण? आमच्या मतें दुसरा. आणि तसें कां, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

या प्रश्नाची चर्चा बहुधा राज्यकारभाराच्या संदर्भांत होते. पण राज्यांत सत्ता, कर, शिक्षा व नागरिकांचे हक्क हीं सारीं एकमेकांत अशीं गुंतलेलीं असतात कीं, निव्वळ विचारण्यांतून उत्पन्न होणारें देणें कोणतें तें वेगळें काढून पाहतां येत नाहीं. त्यासाठीं असें क्षेत्र हवें, जेथें घेणाऱ्यास मोल द्यावें लागत नाहीं, देणाऱ्यावर कोणाची सक्ति नाहीं, आणि उभयतांपैकीं कोणासही केव्हांही निघून जातां येतें. असें एक क्षेत्र गेल्या चाळीस वर्षांत आपल्या डोळ्यांदेखत निर्माण झालें आहे. तें मुक्त सॉफ्टवेअरचें होय. आज त्यांत काम करणाऱ्या पुष्कळांस मोठमोठ्या कंपन्या वेतन देतात हें खरें. तथापि त्याचा पाया स्वेच्छेनें दिलेल्या देणगीचा आहे, आणि आपल्या प्रश्नाची परीक्षा करण्यास तेवढें पुरेसें आहे.

अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं सप्टेंबर १९८३ मध्यें 'ग्नू' नांवाची एक संपूर्ण संगणक-प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला. संगणकास जें काम करावयाचें त्याच्या आज्ञा ज्या मूळ संहितेंत लिहिलेल्या असतात, ती संहिता कोणासही वाचतां यावी, बदलतां यावी, आणि बदललेली दुसऱ्यास देतां यावी, हें त्या संकल्पाचें मर्म होतें. अशा आज्ञावलीबरोबर जो परवाना दिला जातो, त्यांत हेंही स्पष्ट लिहिलेलें असतें कीं, हिच्याबद्दल कोणतीही हमी दिलेली नाहीं. वापरणारानें ती आपल्या जोखमीवर वापरावी. कायद्याच्या भाषेंत बोलावयाचें तर देणारा घेणाऱ्याचें कांहींएक लागत नाहीं. आणि तरीही अशा आज्ञावल्यांच्या भोंवतीं जमलेल्या मंडळींत जे तंटे माजतात, त्यांपैकीं पुष्कळांच्या मुळाशीं एकच तक्रार सांपडते: 'आम्हांला विचारलेंत, पण आमचें ऐकलें नाहींत.' ज्यानें वस्तु फुकट घेतली त्याला ही तक्रार करण्याचा अधिकार कोठून आला?

याचें उत्तर शोधण्यासाठीं या क्षेत्रांतील एका प्रसिद्ध विचारण्याकडे वळूं. २५ ऑगस्ट १९९१ रोजीं हेलसिंकी येथें शिकत असलेल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें 'मिनिक्स' नांवाची प्रणाली वापरणाऱ्या लोकांस उद्देशून एक लहानसें निवेदन केलें. आपण हौसेखातर एक नवी प्रणाली रचीत आहों. मिनिक्समधील कोणत्या गोष्टी आपणांस आवडतात व कोणत्या आवडत नाहींत तें कळवावें, अशी त्यांत विनंती होती. आणि त्याबरोबरच त्यानें असेंही लिहिलें होतें कीं, सूचनांचें स्वागत आहे, पण त्या अमलांत आणीनच असें वचन मी देत नाहीं. पुढें जिला लिनक्स हें नांव मिळालें, आणि जी आज जगांतील बहुसंख्य सर्व्हर-यंत्रांत व अँड्रॉइडच्या रूपानें अब्जावधि फोनांत काम करीत आहे, ती प्रणाली लोकांपुढें आली ती अशा एका प्रश्नाच्या रूपानें.

त्या निवेदनांतील वचन न देण्याचें तें वाक्य आम्हांस फार मोलाचें वाटतें. वरवर त्यांत थोडा उद्धटपणा दिसेल. वस्तुतः तो प्रामाणिकपणा आहे. कारण विचारणें या एकाच क्रियापदाखालीं तीन निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या असतात. कधीं आपण माहिती विचारतों, कधीं सल्ला विचारतों, तर कधीं संमति विचारतों. माहिती विचारणाऱ्यावर ती नीट वाचण्याचें व समजून घेण्याचें देणें येतें. सल्ला विचारणाऱ्यावर त्याचा खरोखर विचार करण्याचें, आणि तो न पत्करल्यास कारण सांगण्याचें देणें येतें. संमति विचारणाऱ्यावर ती न मिळाल्यास थांबण्याचें देणें येतें. या तिघांत लहानमोठेपणा नाहीं; तीनही आपापल्या जागीं योग्य आहेत. अन्याय होतो तो एक विचारून दुसरें विचारल्याचा आव आणण्यानें. टोरवाल्ड्स यांनीं माहिती व सल्ला विचारला, आणि संमति विचारीत नाहीं हें आधींच सांगून टाकलें. म्हणूनच त्यानंतर ज्यांची सूचना नाकारली गेली, त्यांस निराश होतां आलें, पण फसवणूक झाली असें म्हणतां आलें नाहीं.

आतां मूळ शंकेचें उत्तर देतां येतें. ज्यास विचारलें जातें तो मनुष्य आपल्या प्रश्नावर विसंबून कांहीं खर्च करतो. आज्ञावलींतील दोष नेमका कोणत्या परिस्थितींत प्रकट होतो हें शोधण्यांत तो रात्र घालवितो. आपली अडचण दुसऱ्यास समजेल अशा शब्दांत मांडतो. लोकांपुढें आपलें अज्ञान उघडें पडण्याचा धोका पत्करतो. हें सारें तो करतो तें प्रश्न खरा आहे असें मानून. विचारणाऱ्याचा निश्चय जर आधींच झालेला असेल, तर त्यानें दुसऱ्याचे श्रम खोट्या निमित्तानें घेतले असें होतें. सारांश, तक्रार करणाऱ्याचें घेणें आज्ञावली वापरल्यामुळें उत्पन्न होत नाहीं. तें प्रश्नामुळें उत्पन्न होतें. देणगी देणारा बांधलेला नसतो, पण विचारणारा बांधला जातो. न विचारणारा आपल्यास केवळ वगळतो. खोटें विचारणारा आपल्यास वापरतो. आरंभीं आम्हीं दुसऱ्या मनुष्यास अधिक दोषी म्हटलें तें याच कारणास्तव.

अर्थात् व्यवहारांत हे तीन प्रकार नेहमींच इतके स्वच्छ वेगळे राहत नाहींत. पायथन या संगणकीय भाषेचें उदाहरण घ्या. हॉलंडचे गिडो व्हान रॉसम यांनीं १९८९ च्या नाताळांत ती रचण्यास आरंभ केला, आणि १९९१ मध्यें ती प्रसिद्ध झाली. तिच्यांत बदल सुचवावयाचा तर २००० सालापासून एक रीत ठरलेली आहे: सुचविणाऱ्यानें आपला प्रस्ताव सकारण लिहून काढावयाचा, आणि मंडळींनीं त्याची उघड चर्चा करावयाची. अखेरचा निकाल त्या काळीं रॉसम देत. सहकाऱ्यांनीं त्यांस अर्ध्या थट्टेनें व अर्ध्या प्रेमानें 'तहहयात कृपाळू हुकूमशहा' अशी पदवी बहाल केली होती. २०१८ सालीं ५७२ क्रमांकाचा प्रस्ताव चर्चेस आला. एखाद्या हिशेबाच्या फलास नांव देणें आणि त्याच जागीं तें फल वापरणें हीं दोन कामें एका नव्या चिन्हानें एकदम साधावीं, एवढाच तो बदल होता. परंतु त्यावर कित्येक महिने कडाक्याचा वाद झाला. प्रस्ताव रॉसम यांनीं मान्य केला. आणि १२ जुलै २०१८ रोजीं निकाल देण्याच्या पदावरून आपण निवृत्त होत असल्याचें जाहीर केलें. एका प्रस्तावासाठीं इतकें झगडावें आणि तरीही इतक्या लोकांनीं आपल्या निर्णयांचा तिरस्कार करावा, हें यापुढें नको, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता.

या प्रसंगीं खोटें कोणीच वागलें नाहीं. रीत सल्ल्याची होती, आणि ती सर्वांस ठाऊक होती. पण चर्चा जसजशी लांबत जाते, तसतसें प्रत्येकाचें त्यांत घातलेलें श्रमाचें भांडवल वाढत जातें. आणि ज्यानें पुष्कळ घातलें त्यास आपण केवळ सल्लागार नसून भागीदार आहों असें वाटूं लागतें. आमच्या समजुतीप्रमाणें येथें सल्ल्याचें रूपांतर नकळत संमतींत झालें, आणि तें झालें आहे हें कोणी उघड बोलून दाखविलें नाहीं. रॉसम यांनीं पुढें जें केलें तें मात्र अनुकरणीय आहे. आपल्या गादीवर त्यांनीं कोणासही बसविलें नाहीं. पुढची व्यवस्था तुम्हीच ठरवा, असें मंडळींस सांगितलें. हें विचारणें निःसंशय संमतीचें होतें. निरनिराळ्या राज्यपद्धतींचे मसुदे मांडले गेले, डिसेंबर २०१८ मध्यें मतदान होऊन पांच जणांच्या मंडळाची पद्धति पत्करली गेली, आणि २०१९ च्या आरंभीं निवडल्या गेलेल्या पहिल्या मंडळांत स्वतः रॉसमही होते. हुकूमशहा पांचांतला एक होऊन परत आला, ही गोष्ट इतिहासांत विरळाच.

यावर एक आक्षेप हमखास येतो. मुक्त सॉफ्टवेअरमध्यें कोणी कोणास बांधलेला नाहीं. ज्यास निर्णय आवडत नसेल त्यानें संहितेची प्रत घ्यावी आणि आपली वेगळी चूल मांडावी. मग ऐकून घेण्याचा हा खटाटोप कशास? हा आक्षेप पोकळ नाहीं. डेबियन नांवाचा जो प्रकल्प इयन मर्डॉक यांनीं १९९३ सालीं सुरू केला, त्यानें १९९७ मध्यें एक सामाजिक करार जाहीर करून, आमचे दोष आम्ही लोकांपासून लपविणार नाहीं, असें वचन दिलें होतें. पुढें २०१४ सालीं, यंत्र सुरू होतांना इतर सर्व कामांस चालना देणारी आज्ञावली कोणती असावी, या प्रश्नावर त्याच्या तांत्रिक समितींत मतें समसमान पडलीं, आणि 'सिस्टमडी' या आज्ञावलीच्या बाजूनें अध्यक्षांच्या निर्णायक मतानें निकाल लागला. ज्यांस तो मुळींच मानवला नाहीं, त्यांतील कांहींनीं 'देवुआन' या नांवानें निराळा संसार थाटला. कोणी त्यांस अडविलें नाहीं, कोणास अडवितांही आलें नसतें.

निघून जाण्याचा हक्क जुलमापासून रक्षण करतो हें आम्हांस मान्य आहे. पण जुलूम नसणें म्हणजे न्याय असणें नव्हे. घराचें दार उघडें आहे म्हणून घरांतील माणसास जेवतांना पान वाढण्याचें कर्तव्य संपत नाहीं. शिवाय जाणारा संहिता घेऊन जातो, पण सोबती घेऊन जात नाहीं. वर्षानुवर्षें ज्यांच्याशीं बोलून तो शहाणा झाला तीं माणसें मागेंच राहतात. म्हणून 'नको असेल तर जा' हें वाक्य खरें असलें, तरी तें सर्व उत्तरें संपल्यावर उच्चारावयाचें वाक्य आहे. उत्तर देण्याऐवजीं उच्चारावयाचें नव्हे.

दुसरा आक्षेप याच्या अगदीं उलट बाजूचा, आणि अधिक गंभीर आहे. ऐकण्याचें देणें मानलें तर ओरडणाऱ्यांचें फावेल, असें कोणी म्हणेल. आणि त्यास पुरावाही हातीं आहे. माहिती दाबून लहान करणारी 'एक्सझेड' नांवाची एक आज्ञावली असंख्य यंत्रांवर वापरली जाते. ती कित्येक वर्षें जवळजवळ एकटा मनुष्य, विनावेतन, सांभाळीत होता. २०२२ च्या सुमारास, ज्यांचा पुढें कांहींच मागमूस लागला नाहीं अशा कांहीं नांवांनीं त्याच्यामागें टुमणें लावलें: काम फार मंद चाललें आहे, वापरणाऱ्यांची हेळसांड होत आहे, दुसऱ्या कोणास अधिकार द्या. आपली मनःस्थिति ठीक नाहीं, आणि हें काम आपण फुकट, हौसेनें करतों, असें त्या गृहस्थानें सांगून पाहिलें. शेवटीं मदतनीस म्हणून जवळ आलेल्या एकास त्यानें अधिकार दिले. आणि त्याच मदतनिसानें २०२४ सालीं त्या आज्ञावलींत एक चोरवाट पेरली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरच्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारें अर्ध्या सेकंदाचा नेहमींपेक्षां अधिक विलंब लागतो असें आढळलें. त्याचा माग काढीत त्यानें २९ मार्च २०२४ रोजीं तें कारस्थान उघडकीस आणलें, आणि मोठा अनर्थ टळला.

या कथेवरून ऐकूं नये असें ठरत नाहीं. ठरतें तें हें कीं, विचारण्याप्रमाणेंच उत्तर देण्याचेंही एक ऋण आहे. आपल्याकडील न्यायशास्त्रानें वाद, जल्प व वितंडा असे कथेचे तीन भेद केले आहेत. तत्त्व कळावें म्हणून चालतो तो वाद, जिंकावें म्हणून चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचें केवळ खंडन करणें ही वितंडा. विचारणाऱ्यानें जें देणें पत्करलें आहे तें वादास बसलेल्याचें आहे. जल्प आणि वितंडा करणाऱ्याचें नव्हे. ज्यास दुसऱ्याच्या थकव्याची पर्वा नाहीं, जो कारण न देतां केवळ तगादा लावतो, त्याचें बोलणें कितीही मोठ्यानें व कितीही मुखांनीं आलें, तरी त्यामुळें त्याचें घेणें वाढत नाहीं. एक्सझेडच्या त्या गृहस्थाभोंवतीं जे शेंकडों खरे वापरणारे होते, त्यांपैकीं कोणी त्या वेळीं पुढें होऊन 'सावकाश होऊं द्या, यांतलें काय आम्हीं उचलावें तें सांगा' असें म्हटलें असतें, तर तेंही उत्तर देणेंच झालें असतें. त्यांच्या गप्प बसण्यानें आवाजाचा मक्ता लबाडांकडे गेला.

मात्र गप्प बसणाऱ्यांचा सर्वच दोष त्यांच्या माथीं मारतां येत नाहीं. विचारणारा कधीं कधीं प्रश्न करतो आणि उत्तर देणें इतकें महाग करून ठेवतो कीं, शहाणा मनुष्य तें देण्याचें धाडस करीत नाहीं. ज्या टोरवाल्ड्स यांची आम्हीं वर प्रशंसा केली, त्यांनींच सप्टेंबर २०१८ मध्यें, सहकाऱ्यांच्या कामावर अनेक वर्षें केलेल्या जहरी टीकेबद्दल जाहीर क्षमा मागून कांहीं आठवडे काम बाजूस ठेवलें. चुकीचें काम चुकीचें म्हणून सांगणें हें त्यांचें कर्तव्यच होतें. पण काम चुकीचें म्हणणें आणि करणाऱ्यास मूर्ख म्हणणें यांत अंतर आहे. अपमानाच्या भीतीनें ज्यानें तोंड उघडलें नाहीं, त्यास विचारलें असें म्हणतां येत नाहीं. आपली चूक त्यांनीं चारचौघांत कबूल केली, हेंही त्या ऋणाच्या फेडीचाच एक भाग समजला पाहिजे.

तर मग ऐकलें असें केव्हां म्हणावें? मान्य केलें म्हणजेच ऐकलें, हें माप चुकीचें आहे. त्यानें सल्ला आणि संमति यांचा घोटाळा होतो. डोकीं मोजलीं म्हणजे ऐकलें, हेंही माप पुरत नाहीं. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरविणाऱ्या आयईटीएफ या संस्थेंत मतदानानें निर्णय घेत नाहींत. सभेचा कल अजमावण्यासाठीं अनुकूल व प्रतिकूल मंडळींस पाळीपाळीनें गुणगुणावयास सांगण्याची तेथें चाल आहे. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या ७२८२ क्रमांकाच्या टिपणांत या चालीचें जें विवरण आहे, त्याचें सार असें कीं, प्रत्येक आक्षेपाचा विचार होऊन त्यास उत्तर मिळालें पाहिजे, मग तो मान्य होवो वा न होवो. शंभर अनुकूल असतांनाही पांचांच्या आक्षेपास उत्तर नसेल, तर एकमत झालें असें म्हणतां येत नाहीं. पायथनच्या प्रस्तावांत नाकारलेल्या कल्पना व त्या नाकारण्याचीं कारणें नमूद करण्यासाठीं स्वतंत्र जागा राखलेली असते, त्यांतील हेतु हाच. आपल्या शास्त्रकारांनीं सिद्धान्त सांगण्यापूर्वीं पूर्वपक्ष मांडण्याची जी शिस्त घालून दिली, तिच्याशीं या रीतीचें नातें जवळचें आहे. पूर्वपक्ष असा मांडावा कीं, प्रतिपक्ष्यानें तो वाचून 'होय, माझें म्हणणें हेंच होतें' असें म्हणावें. ज्याचा पक्ष हरला, त्यास निकालपत्रांत आपलें म्हणणें ओळखूं आलें, तर त्याचें ऐकलें गेलें. याहून निराळी कसोटी आम्हांस सुचत नाहीं.

आपल्या गोतसभांच्या महजरांत अशीच कांहीं दृष्टि होती. वतनाचा तंटा तुटला म्हणजे निवाड्याच्या कागदावर हजर असलेल्यांचीं नांवें येत, आणि ज्यांस लिहितां येत नसे त्यांच्या नांवापुढें त्यांच्या कामाच्या हत्याराची निशाणी काढीत. कुणब्याच्या नांवापुढें नांगर असे. निवाड्यास जो साक्षी होता तो कोण, आणि गांवच्या कामांत त्याचा हात कोणता, हें त्या एका निशाणीवरून कळे. त्या सभांत अन्याय होत नसे असें नव्हे; पुष्कळांस तेथें बोलूंच दिलें जात नसे. पण ज्याचें ऐकलें त्याची खूण कागदावर उरली पाहिजे, ही जाणीव त्यांत होती, आणि ती आजही टाकाऊ झालेली नाहीं.

तेव्हां ज्या कोणास चार लोकांनीं मिळून चालवावयाच्या कामांत, मग तें संगणकाच्या आज्ञावलीचें असो कीं गांवच्या वाचनालयाचें, लोकांचें मत विचारावयाचें असेल, त्यानें प्रथम स्वतःस एक प्रश्न करावा: उत्तर माझ्या मनाविरुद्ध आलें तर मी काय बदलण्यास तयार आहें? कांहींच नाहीं, असें उत्तर आलें तर त्यानें विचारूं नये. आपला निर्णय सरळ सांगावा. लोक रागावतील, कांहीं जण सोडूनही जातील. पण त्यांचा पुढच्या वेळच्या प्रश्नावरचा विश्वास शाबूत राहील. आणि असें सामायिक काम चालतें तें शेवटीं याच विश्वासावर. तो एकदां गेला म्हणजे मागून केलेल्या अत्यंत कळकळीच्या प्रश्नासही कोणी उत्तर देत नाहीं.